माणसाच्या नावाने आत जाणारी यंत्रे

२९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातला चार्ली क्लाइन हा विद्यार्थी सिग्मा ७ या संगणकापुढे बसून सुमारे साडेपाचशे किलोमीटरवरच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या संगणकात शिरू पाहत होता. पलीकडचा एसडीएस ९४० वेगळ्या घडणीचा होता आणि त्याची ऑपरेटिंग सिस्टिमही वेगळी होती. क्लाइनने ‘लॉगिन’ हा शब्द टाइप करायला घेतला, त्यातली पहिली दोन अक्षरे पोचली आणि पलीकडचे यंत्र बंद पडले. तासाभराने पुन्हा प्रयत्न केला तेव्हा जमले. इंटरनेटच्या जन्मकथेत हा प्रसंग नेहमी सांगितला जातो, पण त्यातली एक गोष्ट सहसा निसटते. ही दोन यंत्रे जोडणाऱ्या अर्पानेट या जाळ्यावरून पहिल्यांदा धावला तो दूरच्या यंत्राचे दार ठोठावणारा शब्द, आणि ते दार माणसासाठी बांधलेले होते. नाव विचारायचे, पासवर्ड विचारायचा, दोन्ही जुळले तर आत घ्यायचे. पुढे याच दारातून प्रोग्रामही ये-जा करू लागले. रोज रात्री, ठरल्या वेळी, समोर कोणी बसलेले नसताना. दाराची रचना मात्र फार काळ तशीच राहिली. प्रोग्रामने एखाद्या माणसाचे नाव सांगायचे, त्याचा पासवर्ड द्यायचा आणि आत जायचे, अशी प्रथा पडली. ती अ‍ॅडमिन मंडळींच्या आळसातून पडली, असे सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. निरनिराळ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, टर्मिनलपुढे माणूस बसलेला आहे या गृहीतकापलीकडे फारसे काही सामाईक नव्हते. म्हणून यंत्रांना माणसाचे सोंग घ्यावे लागले, आणि त्या सोंगाची किंमत पासवर्ड उघड्यावर ठेवून मोजावी लागली.

सामाईक असे किती थोडे होते, हे दूरच्या यंत्रात लॉगिन करण्याच्या टेलनेट या पद्धतीच्या रचनेत दिसते. जाळ्यात दहा तऱ्हांची यंत्रे असतील तर प्रत्येकाला इतर नऊंच्या टर्मिनलांचे बारकावे शिकवणे शक्य नव्हते. म्हणून १९७० च्या दशकात टेलनेटच्या कर्त्यांनी एक काल्पनिक टर्मिनल मानले: एक कीबोर्ड, एक छपाई करणारे यंत्र, सात बिटांची अक्षरे आणि ओळ संपल्याची ठरलेली खूण. प्रत्येक यंत्राने आपली भाषा तेवढी या काल्पनिक टर्मिनलच्या भाषेत बदलून द्यायची. जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांनी मे १९८३ मध्ये हे प्रमाण आरएफसी ८५४ या दस्तऐवजात पक्के केले. पण त्यात ठरले ते तारेवरून अक्षर कसे जाईल एवढेच. आत घेताना यंत्राने काय विचारावे, किती वेळा विचारावे, स्वागताच्या ओळी किती दाखवाव्यात, हे ज्याचे त्याच्यावर सोडले होते. युनिक्स ‘लॉगिन’ विचारी, डिजिटल कंपनीची व्हीएमएस ‘युजरनेम’ विचारी, आणि आयबीएमच्या ३२७० जातीच्या टर्मिनलवर तर संवाद असा नसेच; पूर्ण पडदाभर एक फॉर्म येई, तो भरून एक कळ दाबली की सगळा एकदम जाई. माणसाला यातले काहीच अडत नव्हते. तो वाचे, समजे आणि उत्तर देई. प्रोग्रामला मात्र यातले प्रत्येक वळण आधी सांगून ठेवावे लागे.

ते सांगून ठेवण्याची पहिली रुळलेली रीत बेल लॅब्जमध्ये तयार झाली. माइक लेस्क यांनी १९७६ च्या सुमारास यूयूसीपी लिहिले: एका युनिक्स यंत्राने दुसऱ्याला फोन लावायचा, आत जायचे, फाइली आणि टपाल पोचवायचे आणि फोन ठेवायचा. १९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर ते युनिक्स वापरणाऱ्या सगळ्यांकडे गेले. त्याच्या एका फाइलीत दर शेजारी यंत्रामागे एक ओळ असे. यंत्राचे नाव, कोणत्या वेळी फोन करायचा, कोणते उपकरण, किती वेग, फोन नंबर आणि शेवटी संवाद. हा संवाद बारकाईने पाहण्यासारखा आहे. पलीकडून ‘लॉगिन’ येण्याची वाट पाहा, मग नाव पाठवा, ‘पासवर्ड’ येण्याची वाट पाहा, मग पासवर्ड पाठवा, एवढाच त्याचा मतलब. पण प्रत्यक्षात लिहिताना दोन्ही शब्दांची सुरुवात छाटलेली असे; ‘लॉगिन’चे रोमन लिपीतले पहिले अक्षर गाळून उरलेल्या चार अक्षरांची वाट पाहिली जाई. कारण काही यंत्रे तो शब्द मोठ्या अक्षराने सुरू करीत, काही लहान, आणि फोनच्या खरखरीत पहिलेच अक्षर हरवण्याची शक्यताही असे. शब्द आलाच नाही तर पर्यायही लिहून ठेवता येई: नुसती एंटर पाठवा आणि पुन्हा वाट पाहा, किंवा ‘ब्रेक’ हा संकेत पाठवा, म्हणजे पलीकडचे यंत्र वेग बदलून पुन्हा विचारेल. माणूस टर्मिनलपुढे बसून जे करी, कळ पुन्हा दाबून पाही, थांबे, तेच इथे एका ओळीत उतरवले होते. आणि त्याच ओळीत, कोणताही आडपडदा न ठेवता, पासवर्ड लिहिलेला असे.

हिंदुस्थानातल्या पहिल्या शैक्षणिक जाळ्याची सुरुवातही याच वाटेने झाली. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने अर्नेट हा प्रकल्प हाती घेतला. त्यात जुहूचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, पवईचे आयआयटी, इतर चार आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था होत्या. सुरुवातीचे टपाल डायल-अप यूयूसीपीवरून फिरे. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्या सुमारास घरगुती संगणकांवर ट्रम्पेट विनसॉक किंवा विंडोज ९५ ची जी लॉगिन स्क्रिप्ट वापरली जाई, तीही त्याच धाटणीची होती: अमुक शब्दाची वाट पाहा, तमुक पाठवा. बेल लॅब्जमधल्या युनिक्स यंत्रांसाठी ठरलेली बोलण्याची पद्धत वीस वर्षांनी एका सर्वस्वी निराळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर जशीच्या तशी चालत होती. तिची ताकद यातच होती. ती कोणत्याही सिस्टिमकडे काहीच मागत नव्हती.

यावर पहिला आक्षेप असा येईल की यंत्रांनी एकमेकांना ओळखण्याची सोय याच काळात युनिक्सवर झालीच होती, मग सोंगाची गरज कुठे उरली? सोय झाली होती हे खरे. बर्कलीच्या १९८३ च्या ४.२ बीएसडीमध्ये आरलॉगिन आणि आरएसएच हे प्रोग्राम आले. आपल्या होम डिरेक्टरीत डॉट-आरहोस्ट्स नावाच्या फाइलीत ‘त्या यंत्रावरचा तो वापरकर्ता आला तर पासवर्ड विचारू नका’ असे लिहून ठेवले की स्क्रिप्ट बिनबोभाट चाले. फाइलीत पासवर्ड नाही, वाट पाहणे नाही, शब्द जुळवणे नाही. पण ही ओळख कशावर उभी होती ते पाहिले पाहिजे. येणाऱ्याचा आयपी पत्ता, आणि तो १०२४ च्या खालच्या पोर्टवरून आला आहे ही खूण. युनिक्सवर असा पोर्ट फक्त रूट म्हणजे मुख्य अ‍ॅडमिनच्या हक्काने उघडता येतो, म्हणून पलीकडचे यंत्र वापरकर्त्याचे नाव खरेच सांगत असणार, असा हा तर्क. जाळ्यात फक्त युनिक्स यंत्रे होती आणि त्यांचे अ‍ॅडमिन एकमेकांना ओळखत होते तोवर तो टिकला. डॉसवर चालणारा साधा पीसी त्याच तारेला जोडला की तर्क संपला. तिथे रूट ही कल्पनाच नव्हती, आणि ज्याच्या हातात कीबोर्ड त्याला कोणताही पोर्ट खुला होता. म्हणजे यंत्राची स्वतंत्र ओळख मानण्याचा हा पहिला प्रयत्न एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या सवयी साऱ्या जगाच्या समजून बसला आणि दुसरी सिस्टिम दारात येताच उघडा पडला. आयपी पत्ताही भरवशाचा नव्हता. टीसीपीच्या क्रमांकांचा अंदाज बांधून विश्वासू यंत्राचे नाव खोटे सांगता येते, हे रॉबर्ट मॉरिस यांनी १९८५ मध्येच बेल लॅब्जच्या एका टिपणात दाखवले होते. नोव्हेंबर १९८८ मध्ये त्यांनीच सोडलेल्या किड्याने, म्हणजे आपोआप फैलावणाऱ्या प्रोग्रामने, पसरण्यासाठी जे मार्ग वापरले, त्यांत या विश्वासाच्या याद्याही होत्या. डिसेंबर १९९४ मध्ये संगणक-सुरक्षातज्ज्ञ त्सुतोमु शिमोमुरा यांच्या सॅन दिएगोमधल्या यंत्रावर नेमकी क्रमांकांच्या अंदाजाची युक्ती वापरली गेली. हल्लेखोराने आत जाऊन डॉट-आरहोस्ट्समध्ये एकच ओळ जोडली, तिच्यात दोन अधिक चिन्हे: कोणतेही यंत्र, कोणताही वापरकर्ता.

म्हणून एकापेक्षा जास्त जातींची यंत्रे सांभाळणारा अ‍ॅडमिन सोंगाच्याच वाटेवर राहिला, आणि त्या वाटेला शास्त्रशुद्ध रूप दिले डॉन लिब्स यांनी. मेरीलँडमध्ये गेथर्सबर्ग इथे अमेरिकेची मानके ठरवणारी संस्था आहे, निस्ट; लिब्स तिथे काम करीत. जॉन औस्टरहौट यांची टीसीएल ही छोटी भाषा नुकतीच बर्कलीहून बाहेर आली होती. तिच्यावर लिब्स यांनी एक्स्पेक्ट उभे केले आणि १९९० च्या उन्हाळ्यात यूझनिक्सच्या परिषदेत मांडले. त्यांच्यापुढची अडचण यूयूसीपीच्या पुढची होती. युनिक्सचे पासवर्ड मागणारे प्रोग्राम मुद्दामच असे लिहिलेले असतात, की दुसऱ्या प्रोग्रामने नळीतून पाठवलेला मजकूर ते वाचत नाहीत. ते थेट टर्मिनल उघडून तिथूनच उत्तर घेतात. हेतू हा, की उत्तर माणसानेच द्यावे. लिब्स यांनी या तपासणीलाच टर्मिनल देऊ केले. युनिक्समध्ये खोटे टर्मिनल निर्माण करता येते, ज्याच्या एका टोकाला पासवर्ड मागणारा प्रोग्राम असतो आणि दुसऱ्या टोकाला माणसाऐवजी एक्स्पेक्ट. समोरच्याला फरक कळण्याचा मार्गच नाही. भाषेतले मुख्य शब्द चार: प्रोग्राम सुरू करा, अमुक येईल याची वाट पाहा, तमुक पाठवा, आणि हवे तेव्हा खऱ्या माणसाच्या हाती सोपवा. वाट पाहताना एकाच वेळी अनेक शक्यता मांडता येत: ‘लॉगिन’ आले तर हे करा, ‘युजरनेम’ आले तर ते, जोडणी तुटली तर तिसरे, आणि दहा सेकंदांत काहीच आले नाही तर चौथे. दहा सेकंद ही मर्यादा मुळातच ठेवलेली होती. संथ ओळीवर ती वाढवावी लागे, आणि ती वाढवायला विसरलेली स्क्रिप्ट पहाटे अर्ध्यावर थांबलेली सापडे. युनिक्स, व्हीएमएस, राउटर, मोडेम, टेलिफोनचे स्विच, ज्याला अक्षरांत बोलता येते त्या प्रत्येकाशी एकच स्क्रिप्ट बोलू शके.

एक्स्पेक्टवर टीका करणारे म्हणतात, की त्याने पासवर्ड फाइलीत लिहिण्याची वाईट सवय लावली. सवय त्याआधीपासून होती हे वर दिसलेच. शिवाय स्क्रिप्ट सुरू होताना माणसाला पासवर्ड एकदा विचारायचा, पडद्यावर न दाखवता, आणि मग वीस यंत्रांना तोच द्यायचा, ही सोय एक्स्पेक्टमध्ये होती. दिवसा, माणूस हजर असताना चालवायच्या कामाला ती पुरते. रात्री दोन वाजता आपोआप सुरू होणाऱ्या कामाला ती निरुपयोगी आहे, कारण विचारायला कोणी नाही. तेव्हा दोष हत्याराचा म्हणता येत नाही. दाराला माणसाशिवाय कोणी माहीतच नसेल, तर रात्री येणाऱ्या प्रोग्रामला माणसाचे गुपित सोबत बाळगावे लागणारच. आणि ते गुपित प्रत्येक वेळी टेलनेटच्या तारेवरून उघडे जाई. फेब्रुवारी १९९४ मध्ये सर्ट या संस्थेने इशारा दिला, की हल्लेखोर जाळ्यावर कान लावून बसले आहेत आणि हजारो यंत्रांचे पासवर्ड त्यांच्या हाती गेले आहेत. रोज ठरल्या वेळी तोच पासवर्ड पाठवणारी स्क्रिप्ट अशा कान लावून बसलेल्याला सर्वांत सोयीची. त्याला फक्त रात्रभर थांबायचे असते.

वळण आले ते १९९५ मध्ये, हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात. तिथल्या जाळ्यावर पासवर्ड चोरले गेल्यावर तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिले आणि जुलैमध्ये ते मोफत खुले केले. टेलनेटचा २३ आणि एफटीपीचा २१ यांच्यामधला २२ हा पोर्ट त्यांनी मागून घेतला. एसएसएचच्या इतिहासात तार सांकेतिक केली गेली यावर भर दिला जातो, आणि ते महत्त्वाचे आहेच. माझ्या मते प्रथेच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट दुसरी होती. पलीकडच्या यंत्रावर सार्वजनिक किल्ली एका फाइलीत नोंदवायची, खासगी किल्ली आपल्याकडे ठेवायची; आत जाताना गुपित तारेवरून जातच नाही, किल्ली आपल्याजवळ आहे एवढे सिद्ध होते. आणि पलीकडच्या फाइलीतल्या त्या एका ओळीत अटी घालता येतात: ही किल्ली फक्त या पत्त्यावरून चालेल, ही किल्ली घेऊन येणाऱ्याला फक्त ही एक आज्ञा चालवता येईल, त्याला टर्मिनल मिळणार नाही. शेवटची अट महत्त्वाची आहे. इतकी वर्षे माणसाच्या नावाने आत येणाऱ्या प्रोग्रामला इथे स्वतःचे, मर्यादित आणि तारेवरच्या पत्त्यावर न टेकलेले नाव मिळाले. रात्रीची बॅकअप घेणारी किल्ली बॅकअपच घेऊ शकते. ती चोरली गेली तरी चोराला अ‍ॅडमिनचा पडदा मिळत नाही.

हेही खरे, की लोकांनी हे दार मिळूनही जुनीच सवय चालू ठेवली. एसएसएचचा प्रोग्रामही पासवर्ड थेट टर्मिनलवरूनच घेतो, तर एक्स्पेक्टने त्यालाही खोटे टर्मिनल दिले. नव्या यंत्राशी पहिल्यांदा जोडताना एसएसएच त्याच्या किल्लीचा ठसा दाखवून ‘पुढे जायचे का’ असे विचारते; हजारो स्क्रिप्टांना त्या प्रश्नाला न वाचता ‘येस’ म्हणायला शिकवून ठेवले गेले. विंडोजवाल्यांसाठी सायमन टॅटम यांच्या पुटी या एसएसएच प्रोग्रामबरोबर प्लिंक हे आज्ञेने चालणारे भावंड आले. त्यात पासवर्ड आज्ञेतच लिहिण्याची सोय होती, जी ओपनएसएसएच या एसएसएचच्या मुक्त आवृत्तीने कधीच दिली नाही. शिवाय पुटीची किल्लीची फाइल वेगळ्या घडणीची, म्हणून युनिक्सवर बनवलेली किल्ली आधी बदलून घ्यावी लागे. इतक्याशा अडथळ्यापायी कित्येकांनी किल्लीचा नाद सोडून पासवर्डच लिहिला. म्हणजे दोन ऑपरेटिंग सिस्टिममधली फट जिथे उरली, तिथे सोंग परत आले. मायक्रोसॉफ्टने ओपनएसएसएच स्वीकारण्याची घोषणा २०१५ मध्ये केली, तीही आधीचे दोन प्रस्ताव कंपनीतच नाकारले गेल्यावर. २०१८ मध्ये ते विंडोज १० मध्ये आणि विंडोज सर्व्हर २०१९ मध्ये रुजू झाले. ओपनएसएसएच डिसेंबर १९९९ मध्ये ओपनबीएसडीबरोबर निघाले होते. या सुमारे एकोणीस वर्षांत विंडोजमधून युनिक्सकडे आणि युनिक्समधून विंडोजकडे जाणाऱ्या स्क्रिप्टा किती फाइलींत किती पासवर्ड सोडून गेल्या, याचा हिशोब कोणीच ठेवलेला नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र हा: खासगी किल्लीही शेवटी फाइलीतच असते, आणि रात्री चालणाऱ्या कामासाठी तिला सांकेतिक शब्दाचे कुलूपही लावता येत नाही, मग पासवर्डच्या फाइलीत आणि तिच्यात फरक काय? पुराव्याने हा आक्षेप बळकटच होतो. सप्टेंबर २००६ ते मे २००८ या काळात डेबियन लिनक्सच्या एका दुरुस्तीमुळे यादृच्छिक आकडे इतके दुबळे झाले, की त्यावर बनणाऱ्या किल्ल्या प्रत्येक प्रकार आणि आकारामागे केवळ ३२,७६८ शक्यतांपैकी एक असत. सगळ्यांची यादी करून एकेक लावून पाहणे सहज शक्य होते. ऑक्टोबर २०१५ मध्ये निस्टने एसएसएचच्या स्वयंचलित वापरावर ७९६६ क्रमांकाचा अहवाल काढला. त्याच्या लेखकांत खुद्द युलोनेन आहेत, आणि संस्था तीच, जिथे पंचवीस वर्षांपूर्वी एक्स्पेक्ट जन्मले. अहवालाची तक्रार अशी, की संस्थांमध्ये कोणी कधी नोंदवल्या हे कोणालाच ठाऊक नाही अशा किल्ल्या साचल्या आहेत; माणूस नोकरी सोडून जातो, त्याची किल्ली राहते. मी हा पुरावा मान्य करतो, पण त्यावरून निघणारा निष्कर्ष मान्य करत नाही. पासवर्ड चोरीला गेला तर चोर तो माणूसच होतो, आणि कोण चोर, कोण मालक हे नोंदवहीत वेगळे दिसत नाही. किल्लीला मुळात मर्यादा घालता येते, ती इतर किल्ल्यांना धक्का न लावता काढून टाकता येते, कोणती किल्ली कधी आली ते नोंदीत पाहता येते. अहवालातली तक्रार या सोयी न वापरल्याची आहे. अशी तक्रार पासवर्डबद्दल करताच येत नाही, कारण तिथे वापरायला त्या सोयीच नसतात.

सोंगाची वाट अजून बंद झालेली नाही, आणि जिथे ती उरली आहे तिथे तिचे कारणही जुनेच आहे. राउटरांच्या रचनेत झालेले बदल टिपून ठेवणारे रॅन्सिड हे सॉफ्टवेअर आजही एक्स्पेक्टच्या स्क्रिप्टांनी वेगवेगळ्या कंपन्यांच्या राउटरांत शिरते. पासवर्ड एका फाइलीत साधे लिहिलेले असतात, आणि ती फाइल सगळ्यांना वाचता येत असेल तर स्क्रिप्ट पुढे जायला नकार देते. एवढीच काय ती चौकी. २००२ मध्ये इंटरनेटच्या रचनेची देखरेख करणाऱ्या मंडळाने जाळी चालवणाऱ्यांना एका कार्यशाळेत बोलावले, तेव्हा प्रत्येक कंपनीच्या पडद्यावरचा मजकूर वाचणाऱ्या स्क्रिप्टांचा त्रास त्यांनी मोकळेपणाने मांडला. त्यातून यंत्रासाठीच घडवलेला नेटकॉन्फ हा करार निघाला आणि डिसेंबर २००६ मध्ये तो प्रमाण म्हणून छापला गेला. दुसऱ्या टोकाला २०१६ चे मिराय हे घातक सॉफ्टवेअर आहे. घरोघरी लावलेल्या स्वस्त कॅमेऱ्यांना आणि राउटरांना टेलनेटने ठोठावायचे, कारखान्यातून आलेल्या साठ-बासष्ट नाव-पासवर्डांच्या जोड्यांतून एकेक टाकून पाहायची, आत गेले की पुढचे दार. वाट पाहा आणि पाठवा, हीच ती यूयूसीपीची ओळ, फक्त नंबर अनोळखी लोकांचे. त्या उपकरणांत माणसासाठी बांधलेले दार तेवढे होते आणि त्यामागे माणूस कधीच नव्हता.

पुन्हा किल्ल्यांकडे वळू. ओपनएसएसएचच्या किल्ल्या नोंदवण्याच्या फाइलीत पत्त्याची आणि आज्ञेची अट सुरुवातीपासून होती. मुदतीची प्रमाणपत्रे मार्च २०१० च्या ५.४ आवृत्तीत आली. साध्या किल्लीच्या ओळीतच ‘ही अमुक तारखेपर्यंत चालेल’ असे लिहिण्याची सोय मात्र एप्रिल २०१८ च्या ७.७ आवृत्तीत झाली. त्याआधी नोंदवलेल्या ओळींवर तारीख घालायची, तर ती प्रत्येक किल्ली कोणाची, कशासाठी दिली आणि ते काम अजून चालू आहे का, हे शोधण्याचे काम माणसालाच बसून करावे लागते.